एका रायफलवर अनेक शिक्के: कोणता आधी वाचावा?

प्रश्नकर्त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांत एक जुनी लष्करी बोल्ट-ॲक्शन रायफल आहे. दस्ता ज्या लोखंडी सॉकेटमध्ये बसतो, त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली ‘जी. आर.’, मग ‘एन्फिल्ड’, ‘१९१७’ आणि शेवटी ‘एसएचटी. एल. ई.’ व रोमन तीनपुढे एक चांदणी आहे. रिसीव्हरवर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या मुख्य सांगाड्यावर, बाणाच्या खुणेखाली ‘आय’ हे अक्षर आहे, नळीवर ‘४५’ आहे, मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू आहे, आणि बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या, दांड्यामागे कोरलेला क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. रायफल इंग्रजी की भारतीय, १९१७ ची की १९४५ ची, आणि एवढ्या खुणांपैकी विश्वास नेमका कोणत्या खुणेवर ठेवायचा, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की या खुणा एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. जमिनीच्या उताऱ्यावर फेरफाराच्या नोंदी जशा एकाखाली एक चढत जातात, तशाच लष्करी रायफलवर खुणा चढत जातात, आणि प्रत्येक नोंद करणारा हात वेगळा असतो. कारखान्याने एक शिक्का मारलेला असतो, निरीक्षकाने दुसरा, जास्त दाबाच्या काडतुसाने नळीची चाचणी घेणाऱ्याने तिसरा, ज्या सरकारने ती ताब्यात घेतली त्याने चौथा, दुरुस्ती करणाऱ्या शस्त्रागाराने पाचवा आणि सेवेतून काढून विकणाऱ्याने सहावा. म्हणून ‘ही खूण कशाची’ असे विचारण्याआधी ‘ही खूण कोणी आणि कोणत्या टप्प्यावर मारली असेल’ असे विचारावे. नवखा माणूस सर्वांत ठळक शिक्का वाचून थांबतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

वाचायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. रायफल हातात घेताच बोल्ट मागे ओढून मॅगझिन आणि नळीची खोली रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करावी. ‘ती कित्येक वर्षे तशीच पडून आहे’ हा रिकामेपणाचा पुरावा नव्हे. दुसरे म्हणजे शिक्का नीट दिसत नाही म्हणून पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा गंज काढणारे आम्ल यांना हात लावू नये. खूण वाचण्यासाठी जोर लागत नाही, उजेड लागतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च धातूला जवळजवळ समांतर धरला की उथळ अक्षरांच्या कडा सावली टाकतात, आणि दिवसाउजेडी सपाट दिसणाऱ्या जागेवर अख्खी ओळ उमटून येते. तेवढ्याने भागले नाही तर हलके तेल पुसून घेऊन खडूची बारीक पूड बोटाने चोळावी. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक पेन्सिल यांखेरीज मला फारसे काही लागत नाही.

आता तुमच्याच रायफलच्या घराण्याकडे वळू. आखूड ली-एन्फिल्डचा (तुमच्या शिक्क्यातले ‘एसएचटी. एल. ई.’) तिसरा मार्क, म्हणजे तिसरी आवृत्ती, १९०७ मध्ये स्वीकारला गेला, आणि चांदणीचा प्रकार पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगाने व्हावे म्हणून आला. त्यात मॅगझिन बंद ठेवणारी सरकपट्टी आणि फार दूरच्या माऱ्यासाठी बाजूला लावलेली नेम धरण्याची जादा साइट वगळण्यात आली. सॉकेटवरील नाव हे जुळणी करणाऱ्या कारखान्याचे नाव असते: एन्फिल्ड म्हणजे इंग्लंडमधला सरकारी कारखाना, ‘बी. एस. ए. कं.’ म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, ‘एल. एस. ए. कं.’ म्हणजे लंडन स्मॉल आर्म्स, ‘लिथगो’ म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि ‘इशापूर’ म्हणजे भारत. मुकुटाखालची अक्षरे राजाची असतात, ‘व्ही. आर.’ व्हिक्टोरिया राणी, ‘ई. आर.’ सातवा एडवर्ड, आणि ‘जी. आर.’ पाचवा किंवा सहावा जॉर्ज, त्यामुळे केवळ ‘जी. आर.’ पाहून काळ ठरत नाही. इशापूरच्या जुन्या रायफलींवर मात्र ‘जी. आर. आय.’ अशी तीन अक्षरे दिसतात, कारण तिथे राजा हा सम्राटही होता आणि ‘आय’ हे लॅटिन इम्परेटरचे आद्याक्षर आहे. प्रजासत्ताक आल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि कारखान्याचे नाव ‘आर. एफ. आय.’, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, असे संक्षेपाने येऊ लागले. तुमच्या सॉकेटवर ‘आय’ नाही आणि नाव एन्फिल्डचे आहे. म्हणजे जन्म इंग्लंडमधला, एवढे पक्के.

बारीक खुणांत निरीक्षकांचे शिक्के सर्वाधिक असतात आणि त्यांच्यावर वेळ घालवण्याचा मोह सर्वांना होतो. मुकुट, त्याखाली आकडा आणि त्याखाली ‘ई’ असा ठसा म्हणजे एन्फिल्डच्या अमुक निरीक्षकाने तो सुटा भाग पास केला, एवढाच अर्थ. अशा डझनभर ठशांतून रायफलच्या इतिहासाबद्दल फार थोडे कळते. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे: बोल्टवर, साइटवर आणि नळीच्या टोकाकडील धातूच्या नोजकॅपवर वेगवेगळ्या कारखान्यांच्या निरीक्षकांचे ठसे असतील तर ते भाग नंतर बसवले गेले आहेत, हे त्यावरून लगेच दिसते. एकमेकांना छेदणाऱ्या झेंड्यांवर मुकुट असा ठसा लष्करी दाबचाचणीचा असतो. नळीवरील ‘एच. व्ही.’ ही अक्षरे साइट नव्या, वेगवान काडतुसाप्रमाणे आखल्याचे सांगतात.

मालकी दाखवणाऱ्या खुणांचे मात्र तसे नाही. त्या सावकाश वाचाव्यात. जाड टोकाचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, आणि वसाहतींनी व स्वायत्त देशांनी तिच्यातच आपले अक्षर घातले. बाणाभोवती ‘सी’ म्हणजे कॅनडा, बाणाच्या दोन्ही बाजूंना ‘डी’ म्हणजे ऑस्ट्रेलिया, ‘एन’ आणि ‘झेड’ यांच्यामध्ये बाण म्हणजे न्यूझीलंड, बाणासोबत ‘यू’ म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य, आणि बाणाखाली ‘आय’ म्हणजे भारत. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर मारलेले असतील तर त्याचा अर्थ उलटा: सरकारने मालकी सोडली, रायफल विकली. ‘डी. पी.’ ही अक्षरे आढळली तर तिथेच थांबावे. ती कवायतीसाठी राखलेली, म्हणजे गोळी झाडण्यास अयोग्य ठरवलेली रायफल आहे, आणि ती अक्षरे घासून काढलेलीही मी पाहिली आहेत.

मालकीची खूण किती फसवू शकते याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे चौथ्या क्रमांकाची ली-एन्फिल्ड, जिच्या काही नगांच्या डाव्या बाजूला ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असे स्पष्ट कोरलेले असते. ती पाहून लोक अमेरिकी सैन्याची रायफल समजतात. प्रत्यक्षात ती सॅव्हेज कंपनीने अमेरिकेत बनवली, मदत म्हणून ब्रिटनला दिली, आणि कायद्याने ती अमेरिकी सरकारची मालमत्ता राहिली म्हणून तसे लिहिले. अमेरिकी पायदळाने ती वापरण्याचा संबंधच नव्हता. चौकोनातला ‘एस’ आणि क्रमांकातले ‘सी’ हे अक्षर त्या कारखान्याचे. ब्रिटनमधील युद्धकालीन रायफलींवर ‘एम ४७’ सारखे अक्षर-आकडे दिसतात ते शत्रूला कारखान्यांचा ठावठिकाणा कळू नये म्हणून दिलेले सांकेतिक क्रमांक होत; ‘एन’, ‘एम’, ‘एस’ म्हणजे उत्तर, मध्य आणि दक्षिण विभाग, आणि ‘एम ४७’ म्हणजे बी. एस. ए.

अमेरिकेत बनलेल्या दोन जुळ्यांची गोष्टही इथेच सांगतो, कारण ती जिवावर बेतू शकते. पहिल्या महायुद्धात विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन या कारखान्यांनी ब्रिटनसाठी .३०३ काडतुसाची १९१४ नमुन्याची रायफल बनवली, आणि पुढे अमेरिका युद्धात उतरल्यावर जवळजवळ तीच रायफल .३०-०६ या अमेरिकी काडतुसासाठी १९१७ नमुना म्हणून बनवली. दुसऱ्या महायुद्धात १९१७ नमुन्याच्या रायफली ब्रिटनच्या होमगार्डकडे गेल्या तेव्हा काडतुसांचा घोटाळा होऊ नये म्हणून लाकडावर लाल पट्टा रंगवण्यात आला. तो रंग अनेकदा खरवडून ‘लाकूड स्वच्छ’ केले जाते, आणि त्याबरोबर इशारा जातो. आपल्याकडच्या इशापूरच्या दोन प्रकारांनाही हेच लागू आहे. बाहेरून हुबेहूब तिसरा मार्क दिसणारी, पण आत गुळगुळीत नळी असलेली .४१० ची पहाऱ्याची मस्केट, जिच्या मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवून ती एकबारी केलेली असते. आणि १९६० च्या दशकातली ७.६२ मिलिमीटरची ‘२ ए’ व ‘२ ए १’, जिचे मॅगझिन बारा गोळ्यांचे आणि जास्त चौकोनी असते. मॅगझिनचा आकार सॉकेटवरच्या शिक्क्याच्याही आधी पाहावा असे मी शिकाऊ मंडळींना सांगतो.

जर्मन माउझर रायफलींच्या घराण्यात वाचन दुसऱ्या टोकाकडून सुरू होते, कारण तिथे मुख्य खूण रिसीव्हरच्या माथ्यावर असते. पहिल्या महायुद्धातील जर्मन ९८ वर मुकुट, ‘श्पांडाऊ’, ‘डान्झिग’, ‘आम्बेर्ग’ किंवा ‘एर्फुर्ट’ आणि वर्ष असे सरळ लिहिलेले असते. पुढे व्हर्सायच्या तहाने हात बांधल्यावर जर्मनांनी नावे लपवली. ‘एस/४२’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, आणि त्यापुढचे ‘के’ म्हणजे १९३४, ‘जी’ म्हणजे १९३५. नंतर नुसते ‘४२’ आणि वर्ष आले, १९४१ पासून ‘बी-वाय-एफ’ ही लहान अक्षरे आली आणि शेवटी १९४५ मध्ये ‘एस-व्ही-डब्ल्यू’. कारखाना मात्र तोच. ‘डी-ओ-टी’ म्हणजे ब्रनो, ‘बी-एन-झेड’ म्हणजे श्टायर, ‘सी-ई’ म्हणजे झूल येथील झाउअर. या संकेतांची कोष्टके सहज मिळतात, म्हणून इथे ती भरत नाही. कोष्टकात न मिळणारी गोष्ट सांगतो. युद्धानंतर या रायफली पाच-सहा देशांच्या हातांतून गेल्या आणि प्रत्येकाने आपली नोंद चढवली. रिसीव्हरच्या बाजूला ठोकलेला ओबडधोबड ‘एक्स’, बोल्टवर विजेच्या लेखणीने खरडलेला क्रमांक आणि काळसर लाखेचे लाकूड अशी त्रयी दिसली की ती सोव्हिएत शस्त्रागारातून पुन्हा जुळवून आलेली रायफल समजावी. सिरिलिक अक्षरांत ‘प्रेदुझेचे ४४’ आणि मशालींचे बोधचिन्ह असेल तर युगोस्लाव्हिया. दस्त्यावर ठळक ७.६२ आणि धातूवर षट्कोनी तारा असेल तर इस्रायल, ज्याने जर्मन रायफली नव्या काडतुसासाठी बदलून वापरल्या.

रशियन घडणीच्या मोसिन-नागांत रायफलींबाबत मी स्वतः केलेली चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे तपासायला आलेल्या एका रायफलच्या नळीवर ‘साको’ हे फिनिश कारखान्याचे नाव, १९४२ आणि चौकटीतले ‘एस. ए.’ असे होते, म्हणून मी ‘फिनलंड, १९४२’ अशी नोंद करून मोकळा झालो. फिनिश सैन्याची ती मालकीखूण खरीच होती. माझ्या गुरूंनी काही न बोलता दोन स्क्रू काढले, लाकूड उतरवले आणि रिसीव्हरची मागची जीभ उलटी करून माझ्यापुढे धरली. तिच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत १८९८ होते. रिसीव्हर झारच्या काळात रशियात बनला होता. फिनलंडने त्याच्यावर नवी नळी चढवली होती. त्या दिवसापासून रिसीव्हरचा जन्म आणि नळीचा जन्म या दोन वेगळ्या नोंदी मी वेगळ्या ओळींत लिहितो. बाणाभोवती तारा म्हणजे रशियातल्या तुला शहराचा कारखाना, बाणाभोवती त्रिकोण म्हणजे इझेव्हस्कचा, आणि वर्षापुढचे एकटे रशियन अक्षर म्हणजे ‘वर्ष’ या शब्दाचे आद्याक्षर, कारखान्याचे नव्हे. एवढे लक्षात ठेवले तर पुष्कळ भागते. कर्ण काढलेला चौकोन हा सोव्हिएत दुरुस्तीगृहाचा शिक्का आहे.

वर्षांबद्दल आणखी एक सापळा आहे, आणि शके व संवत यांची सवय असलेल्या वाचकाला तो लवकर उमगावा. सगळी वर्षे इसवी सनाची नसतात. अरबी वळणाच्या आकड्यांत १३०९ लिहिलेले ऑटोमन माउझर पुढे आले तर त्यात ५८४ मिळवून १८९३ येते; तोच १३०९ सिंह आणि सूर्य असलेल्या इराणी माउझरवर असेल तर ६२१ मिळवून १९३० येते. आकडा एक, अंतर सदतीस वर्षांचे, आणि निवाडा करते ती शेजारची राजमुद्रा. सयामची ४६ नमुन्याची रायफल बौद्ध संवत २४४६ ची, म्हणजे ५४३ वजा जाता १९०३ ची. जपानी ३८ नमुना मेइजी राजवटीच्या ३८ व्या वर्षाचा, म्हणजे १९०५ चा, तर ९९ नमुना जपानी साम्राज्याच्या २५९९ व्या वर्षाचा, म्हणजे १९३९ चा. दोन्ही आकडे एकाच कारखान्याच्या रायफलींवर असले तरी मोजण्याची पद्धत वेगळी. जपानी रिसीव्हरवरील सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल घासलेले असेल तर ती मोडतोड समजू नये. शरणागतीच्या सुमारास सम्राटाची खूण परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून ती काढण्यात आली. आणि नेपाळच्या जुन्या साठ्यातून बाहेर आलेल्या मार्टिनी या जुन्या एकबारी रायफलींवर तर चक्क देवनागरीत पलटणीची नावे आणि आकडे कोरलेले असतात. ते वाचता येतात म्हणून आनंद होतो, पण त्यावरून रायफल नेपाळात बनली असे ठरत नाही. त्यांतल्या काही इंग्लंडच्या आहेत आणि काही खरोखर तिथल्याच.

आता नकलांविषयी, कारण या विषयात सर्वाधिक पैसे तिथेच बुडतात. खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदम खेल येथे, हातांनी बनवलेल्या मार्टिनी आणि ली-एन्फिल्ड यांचे कारागीर कौतुकास पात्र आहेत, पण शिक्का त्यांनी नक्षी म्हणून कोरला, मजकूर म्हणून नव्हे. माझ्यासमोर आलेल्या एका रायफलवर मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ आणि खाली १९१८ होते. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी निवर्तली, तेव्हा तिथेच खटला संपतो; तरी मी भिंग लावले. ‘एन्फिल्ड’मधले ‘एन’ हे अक्षर आरशातल्यासारखे उलटे होते. अक्षरांचे तळ सपाट नव्हते, छिन्नीच्या एकेका टवक्याने ते पायऱ्यापायऱ्यांचे झाले होते, आणि मुकुटावरचे मणी एकसारखे गोल असायचे ते तांदळाच्या कण्यांसारखे वेडेवाकडे होते. कारखान्याचा साचा एकाच दाबात सगळी ओळ उठवतो, म्हणून खोली सारखी असते. हाताने कोरलेल्या ओळीत खोली श्वासागणिक बदलते. अशा रायफलीचे पोलाद किती कडक आहे हे कोणालाच माहीत नसते, म्हणून ती भिंतीवरच शोभते.

दुसरी फसवणूक अधिक सुबक असते: अस्सल रायफलीवर बेमेल भागांचे क्रमांक घासून तिथे नवे, जुळणारे क्रमांक ठोकणे. इथे अक्षराचे वळण पाहण्याआधी अक्षराचा तळ पाहावा. कारखान्यात क्रमांक साधारणपणे धातू काळा करण्याच्या आधी मारला जातो, त्यामुळे अक्षराच्या तळाशी तोच जुना काळपट रंग असतो. नंतर ठोकलेल्या अंकाचा तळ उजळ किंवा वेगळ्या छटेचा असतो. ठोकणीमुळे कडेला उचलला गेलेला धातू मूळ घडणीत पॉलिश होऊन सपाट झालेला असतो, नव्या ठोकणीत तो नखाला लागतो. शिवाय घासलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट होतो. पोलादी पट्टीची धार आडवी टेकवून पलीकडून उजेड टाकला की तो खड्डा लपत नाही. मात्र प्रत्येक बदललेला क्रमांक लबाडी नसतो. ‘एफ. टी. आर.’ ही अक्षरे आणि शेजारी महिना-वर्ष असेल तर ती कारखान्याने पूर्ण उतरवून दुरुस्त केलेली रायफल असते, आणि तिथे जुना क्रमांक छेदून नवा मारणे हे रीतसर काम आहे. सरकारी दुरुस्ती जुन्या क्रमांकावर सरळ रेघ ओढते आणि लपवत नाही. लबाड माणूस रेघ ओढत नाही, घासतो.

विक्रीच्या खुणा थोडक्यात आटोपतो. नळीवरचे एकटे ‘इंग्लंड’, ‘नायट्रो प्रूव्ह्ड’, .३०३, काडतुसाच्या कवचाची लांबी २.२२२ इंच आणि टनांतला दाब अशी ओळ म्हणजे ब्रिटनमधील नागरी दाबचाचणी. ती सैन्याने नव्हे, विकणाऱ्याने करवून घेतलेली असते. नळीच्या खालच्या अंगाला अतिशय बारीक अक्षरांत अमेरिकी आयातदाराचे नाव असेल तर ती रायफल अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रकायद्यानंतर तिथे शिरली असे धरायला हरकत नाही.

तुमच्या रायफलीची जुळवणी आता अशी होते. एन्फिल्डमध्ये १९१७ साली तयार झाली, पुढे भारतीय सैन्याच्या मालकीत आली, तिथे लाकूड मजबूत करण्यासाठी मॅगझिनपुढचा तो आडवा स्क्रू घालण्यात आला, जो भारतीय सेवेतील रायफलींची ओळख मानला जातो, आणि केव्हातरी १९४५ ची नळी चढली. नळी तयार झाली ते वर्ष आणि ती बसवली ते वर्ष एकच असेल असे नाही. सुटी नळी भांडारात कित्येक वर्षे पडून राहू शकते. बोल्टचा क्रमांक जुळत नाही ही मला सर्वांत काळजीची बाब वाटते. संग्रहाच्या दृष्टीने तिने किंमत थोडी कमी होते एवढेच, पण ली-एन्फिल्डमध्ये बोल्टचे डोके आणि काडतुसाची बैठक यांतील अंतर त्या त्या रायफलीला जुळवून घेतलेले असते, आणि परका बोल्ट ते अंतर बिघडवतो. तज्ज्ञाकडून मोजमाप झाल्याशिवाय त्यात काडतूस घालू नये, आणि परवान्यावर लिहिलेला क्रमांक रिसीव्हरचा आहे की बोल्टचा हेही आजच पडताळून पाहावे. बोल्टचा लिहिला गेला असेल तर तो बोल्ट पूर्वी दुसऱ्याच रायफलीत होता.

अजून तीन छायाचित्रे हवी आहेत: मागच्या साइटचे पान उचलून त्याच्या खालच्या बाजूचे, नोजकॅपच्या तळाचे, आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगाचे, नोजकॅपच्या जरा मागे. तिन्ही ठिकाणी मूळ क्रमांक मारण्याची रीत होती. तिथले आकडे रिसीव्हरशी जुळले तर नळी आणि बोल्ट सोडून बाकीची रायफल १९१७ पासून एकत्र राहिली आहे. नोजकॅपवर बोल्टचाच क्रमांक निघाला तर मात्र एका रायफलीत दुसरी अर्धी रायफल बसली आहे, आणि मग लाकूड उतरवून नळीखालचे ठसे पाहावे लागतील.